शिंकं

माग भंगारात गेले त्या आठवड्यात
वडगावातल्या आमच्या मधल्या खोलीत
छताचा एक हूक तेवढा उरला.
आणि एक खोकं: रिकाम्या कांड्या,
सुती दोराची दोन बंडलं
जी वजनावरही कुणी घेईना.

आठ दोर, चार-चार हातांचे.
दुमडून लोखंडी कडीत अडकवले.
डावा उजव्यावरून, उजवा मागून वर,
मग उलट.
उलट करायला विसरलं तर
गाठी पिळत जातात, गोल जिन्यासारख्या.
विसरले. तसंच ठेवलं.

भिंतीपलीकडच्या शिवलीलाक्का दारात.
"एनु, शिंकं करायलीस?
आमच्यात नेलुवु म्हणतात. मांजराच्या भयानं
लोणी टांगायचं त्यात."
लोणी कुठलं अक्का, मनीप्लांट आहे.
बसल्या. चार दोर स्वतःकडं ओढले.
कांड्या मण्यांगत ओवायचं त्यांनाच सुचलं.
एकीवर जांभळा धागा होता अजून,
दिवाळीतल्या शेवटच्या ऑर्डरीचा.
मी सोडवायला गेले, तर म्हणाल्या,
"इरली बिडु. राहू दे की."

खानापूरचं मडकं, काठाचा टवका उडालेला.
टवका भिंतीकडं फिरवला.
पाणी घातलं तसा थेंब पडू लागला
फरशीवरच्या तेलाच्या डागावर,
तो घासून घासून दमले मी.

रात्री हे उद्यमबागेतनं आले,
अंधारात कपाळ आपटलं मडक्यावर.
बोलले काही नाहीत.
पडल्या पडल्या मी ऐकत होते,
एक कांडी बोटानं फिरवत होते, बराच वेळ.

सकाळी बघते तर शिंकं वीतभर वर.
ती गाठ माझी नव्हे.
तुटला धागा जोडतात मागावर
ती. बारीक, सपाट,
बोट फिरवलं तरी लागत नाही.