गाळा सहा, चार अंश

बीच म्हटलं की सोहारमध्ये सगळे
समुद्राकडे बोट दाखवतात.
मलाही आधी तसंच वाटलं होतं.
हाफरकांप साहेब बिऱ्हाड आवरताना म्हणाला,
हे बीच तू ठेव,
आणि हातात दिलं वीतभर झाड,
तपकिरी, टोकदार कळ्यांचं,
ज्याला दर वर्षी हिवाळा लागतो.

हिवाळा माझ्याकडे होता.
बंदराच्या रस्त्यावरचं शीतगृह, गाळा सहा, चार अंश.
मी कॉम्प्रेसरचा माणूस.
नोव्हेंबर सरला की त्याला नेऊन ठेवतो
कोबीच्या पोत्यांमागे, सफरचंदांपासून लांब.
सफरचंदांचा श्वास
झोपलेल्या कळीला मानवत नाही.
दारावरच्या मुराद बलुशीनं
एकदाच विचारलं, आजारी आहे का?
म्हटलं, नाही, झोपलंय.
तेव्हापासून तो तिथून
चपला न वाजवता जातो.

फेब्रुवारीत, कळ्या फुगायच्या आत, मुळं.
सोटमूळ साहेबानं आधीच छाटलेलं.
मी बाथरूमची एक उरलेली निळी फरशी घेतली,
तिच्यावर झाड बसवलं
आणि बांबूच्या काडीनं एकेक मूळ मोकळं केलं,
किनाऱ्यावर बसून जाळं सोडवतात तसं,
न ओढता.
खाली जाणारं कापायचं. आडवं जाणारं ठेवायचं.
एखादं दांडगं, एकटंच खाणारं असलं
तर त्याचं टोक खुडायचं,
म्हणजे शेजारच्या बारक्याच्या तोंडी काही लागतं.
वर माती, बोटभर.
मग दोन वर्षं बघायचं नाही.

हे न बघणंच अवघड.
मी बघितलं. पहिल्याच जूनमध्ये,
बाहेर सत्तेचाळीस अंश, झाड कंट्रोल रूमच्या खिडकीत,
चमच्यानं माती सारली चोरासारखी
आणि दोन कोवळी टोकं मोडून ठेवली.
मूळ उघड्यावर जाड होत नाही.
त्याला अंधार लागतो, ओल लागते,
आणि वर कुणाचा तरी
आवरून धरलेला हात.

हेमलता फोनवर विचारते, आज काय केलंत?
काही नाही.
काही नाही म्हणजे?
म्हणजे मातीला हात लावला नाही.
ती जरा थांबते.
मग म्हणते, मी चौदा वर्षं तेच करतेय.
मागे कुकरची शिट्टी होते, तिसरी,
आणि ती फोन ठेवते.

एका बाजूला मूळच नव्हतं.
तीन बाजूंना पंजा रोवलेला,
चौथीकडे बुंधा सरळ मातीत गेलेला,
तंबूचा खांब ठोकावा तसा.
तिथं साल चिरली, ओलं शेवाळ बांधलं.
एक वर्ष काही नाही.
दुसऱ्या वर्षी तांदळाएवढी गाठ.
गाठ म्हणजे मूळ नव्हे, पण नकारही नव्हे.

डिसेंबरात नगरपालिकेचा तपासनीस आला.
पोती मोजली, नोंदवही उघडली:
कोबी, डाळिंब, सफरचंद,
खाली माझ्या अक्षरात, बीच, एक नग.
हा माल कुणाचा? कुठे जायचाय?
मला उत्तर सुचेना.
मुराद त्याला अरबीत बराच वेळ काही सांगत राहिला.
तपासनिसानं वाकून कळ्या पाहिल्या,
शिक्का मारला आणि जाताना
दार स्वतःच नीट लावून घेतलं.

यंदा माती काढली. पूर्ण थांबून, बोटांनी.
निळ्या फरशीवर मुळं सपाट पसरलेली,
काही ठिकाणी दोनांची एक झालेली,
कुठलं कुठे संपतं ते सांगता येईना.
आणि चौथ्या बाजूला, गाठीतून,
आगकाडीएवढं एक, पांढरं.
फरशीच्या काठाशी पोचायला त्याला
माझ्या रेसिडेन्सीची
अजून दोन नूतनीकरणं लागतील.
कंपनी किती देते बघू.

पुन्हा माती घातली, बोटभर.
हात धुतले, तरी नखांत थोडी राहिली.
नोंदवहीत लिहिलं,
गाळा सहा, चार अंश, ठीक.