लाइट गेली की

लाइट गेली की अशोक चौकातले माग
एकदम गप्प होतात,
आणि माझ्या छातीतला सुरू होतो.
हातांना मुंग्या. घशात सुताचा बोळा.
मेलो, असंच वाटतं. दर वेळी.

सिव्हिलमधल्या बाईंनी ईसीजीची पट्टी दाखवली:
काळीज ठणठणीत आहे, यंबय्या.
ही भीती. चढते, उतरते.
पळू नका.

पळत नाही आता.
अर्ध्या विणलेल्या टॉवेलवर तळवा ठेवतो,
बोटांनी फासे मोजतो,
श्वास सोडतो लांब,
कांडी उलगडावी तसा.
शेजारचा दासरी काही विचारत नाही,
तांब्या सरकवतो फक्त.

तुटलेलं सूत ओढायचं नसतं,
टोक सापडेपर्यंत थांबायचं,
हे तीस वर्षं माहीत होतं मला.
सुतापुरतं.