आधी रेघ

फाउंटनजवळच्या फुटपाथवर, कायद्याच्या जुन्या पुस्तकांखाली
दोन जुळी पुस्तकं मिळाली, सुतळीनं बांधलेली,
साठ रुपयांना. सोडवून एक देईना.
लष्करी मोटारींची निगा, भाग एक आणि दोन,
साल बेचाळीस, इंग्रजीत.
पान अकरावर ग्रीसचा अंगठा.
आत, पुठ्ठ्यामागे, जांभळ्या पेन्सिलीनं:
मागोजी सोनू घुमक.

पोर्ट ट्रस्टात छत्तीस वर्षं मी नोंदी तपासल्या.
ज्याचा माल त्याच्या नावावर लागल्याशिवाय
मला घास उतरत नाही.

काळा घोड्याजवळच्या दफ्तरखान्यात सात बुधवार.
सैनिकांच्या कचेरीत
खिडकीमागच्या पोरानं विचारलं, कोण लागतात तुमचे?
म्हटलं, कुणी नाही.
मग पेन्शनचं काय काम आहे?
म्हटलं, पुस्तक परत करायचंय.
त्यानं पंखा माझ्याकडे वळवला.
घुमक नावाचं एकही घर त्याच्या यादीत नव्हतं.

भाग दोन नीट उघडला तो
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर.
ब्रेकचं प्रकरण, पान एक्केचाळीस,
समासातून खाली खाली उतरलेलं एकच नाव.
मागोजी, मगोजी, मागोजी,
घुमक, घुमक,
एकदा नुसतंच घु, आणि पेन्सिलीचं टोक मोडल्याचा ठिपका.
तेविसाव्या ओळीला
भ ला गाठ बसली,
ध नं डोक्यावरची रेघ सोडली:
भागोजी सोनू धुमक.

म्हणजे दोन वर्षं
मी एका माणसाच्या चुकीला शोधत होते.

धुमक मग पंधरा दिवसांत सापडले, घोडपदेवला,
पाण्याच्या पिंपाशेजारच्या खोलीत.
अनाजी धुमक, वय शहात्तर, गोदीत क्रेनवर होते.
आमची ओळख त्या एका शब्दावर झाली. गोदी.
कितव्या धक्क्यावर, विचारून झालं.

बाबांनी अंगठा कधी दिला नाय, ते म्हणाले,
पगाराला सही. सायबासमोर सही.
शाळेत गेलेलेच नाय हो.
ट्रकात शिकले, लढाईत, वाळूत.
संध्याकाळी गाडी थंड होईस्तोवर
एकजण शिकवायचा. पुस्तक त्याचंच.
बाबांना कुठलं इंग्रजी!

मी पान एक्केचाळीस पुन्हा उघडलं.
समासात सगळ्यात वर, काळ्या शाईत, एक ओळ.
ती मी भागोजीचीच धरली होती,
एखाद्या चांगल्या दिवसाची.
शिरोरेघ नावापेक्षा लांब, दोन्हीकडे पुढे गेलेली,
फक्त दोन ठिकाणी तोडलेली,
भ आणि ध यांना जागा राखून.
बाकी तेवीस ओळी तिच्याकडे बघून काढलेल्या.

त्याचं नाव काय?
मास्तर.
आडनाव?
मास्तरच म्हणायचे बाबा. तिकडेच राहिला तो.
पुस्तकं तेवढी पिशवीतून आली,
आणि आईनं कधीतरी रद्दीत घातली,
वजनाला चांगली होती.

बराच वेळ ते समासावरून बोट फिरवत बसले.
साठ रुपये देऊ लागले. मी घेतले.
फुकट दिलेली वस्तू परत केल्यासारखी वाटत नाही.
आणि सवयीनं, लाज वाटली तरी, पोच मागितली.

त्यांनी चष्मा पुसला.
कागदावर आधी रेघ ओढली,
नावापेक्षा लांब,
दोन ठिकाणी तोडली,
आणि मग एकेक अक्षर खाली टांगलं,
दोरीवर धुणं घालावं तसं,
घाई न करता.
अशी का करता सही?
अशीच असते ना, ते म्हणाले.

घरी येऊन वहीत लिहिलं:
पुस्तकं दोन, पोचती.
मालक या रकान्यात
मीही आधी रेघ ओढली.
कुठे तोडायची ते कळेना.
तशीच ठेवली.