उजेडाकडं पाठ

सुगंधा घस्ते फोटो घेऊन आली
प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाला चिकटलेला.
तिची आई, वखारीच्या दारात
उजेडाकडं पाठ करून उभी.
चेहरा निम्मा सावलीत, केसांच्या कडेला जाळ,
आणि सगळे रंग असे, जणू कुणी
राखेच्या पाण्यात खळबळून काढलेत.
मागं शिक्का : जिनगोंडा फोटो स्टुडिओ, निपाणी.
खाली तेच कन्नडात.
‘मला असाच पायजे,’ म्हणाली.
‘मी, पण असाच.’

मला वाटलं, सोपं आहे.

साडेपाचला गेलो. वखार आता रिकामी,
दार मावळतीकडं.
मी आत अंधारात, ती उंबऱ्यावर,
तिच्या मागं हायवेकडं उतरणारं ऊन.
कॅमेऱ्याचं मीटर उन्हाला भुलतं,
आभाळ राखतं आणि माणूस काळा करतं.
म्हणून गालावर मोजलं.
रखवालदाराच्या हातात धुवट धोतर ताणून दिलं :
‘मामा, स्वल्प मागं. अजून. साकु.’
धोतरावरून परतलेलं ऊन
तिच्या हनुवटीपर्यंत आलं
आणि थांबलं.

रात्री कॉम्प्युटरवर
काळा उचलला, राखाडी होईपर्यंत.
पांढरा दाबला. हिरवा जवळजवळ काढूनच टाकला,
पिवळ्यात थोडी माती मिसळली.
लाल उतरवला, तर कपाळावरची टिकली
मसुरीएवढी सावली झाली.
परत चढवला : टिकली आली, ओठही आले,
साडीचा काठ ओरडायला लागला.
मग टिकलीपुरता बारीक ब्रश घेतला.
दोन वाजता दोन्ही फोटो शेजारी ठेवले.
माझ्यातला उजेड आंघोळ करून आलेला.
तिच्या आईचा, कामावरून.

जिनगोंडा मास्तर आता अक्कोळला असतात,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
चष्मा कपाळावर ढकलून फोटो नाकाशी धरला.
विचारलं : कुठला फिल्टर? काचेला व्हॅसलीन?
मुदत संपलेला रोल?
‘फिल्टर कसलं रं.
जर्दा हाय त्यो, जर्द्याचा गर्दा.
आत चाळण चालू हुती, चाळीस बायका.
मी दम धरून बटन दाबलं न् भाईर पळालो.’
फोटो परत देता देता,
‘रंग म्हनशील, तर त्या लुगड्यांस्नी
हुतंच कुठं?’

सुगंधाला सांगावं का नाही, ठरत नव्हतं.
सांगितलं.
चिकोडीच्या दवाखान्यात नर्स आहे ती,
मास्क पर्समध्ये होता.
काढला नाही.
कोपऱ्यातलं जुनं पोतं तिनंच उचललं
आणि दोनदा झटकलं, जोरात,
सतरंजी झटकावी तसं.

उजेडाला अंग आलं.
तिच्या खांद्यांवरून तो आत सरकला, जड,
तिच्या नि माझ्या मधे उभा राहिला.
काळं आपणहून करडं झालं.
टिकली होती तिथंच राहिली, फक्त लांब गेली.
मी मामांना म्हटलं, धोतर नको.
मग तिला खोकला आला, मामांना, मला,
आणि खोकल्यांच्या मधल्या जागेत
अकरा फोटो.

तिनं नववा निवडला.
जरासा हललेला.
पदर तोंडाकडं निघालाय, पोचलेला नाही.
‘ह्याला हात लावू नका,’ म्हणाली.
पैसे किती, विचारलं. मी कमी सांगितले,
तिनं ठरलेले दिले.

संकेश्वरच्या लग्नाचे फोटो बघतोय आता.
प्रत्येकात वर, उजव्या कोपऱ्यात
एक करडा ठिपका.
सेन्सरवर काहीतरी बसलंय,
फुंकून जात नाही.
मांडवाच्या झालरीतून, मामाच्या फेट्यातून,
अक्षता उडाल्या त्या आभाळातून
एकेक करून पुसतोय.
चारशे बारा झाले.
कॅमेरा साफ करायला बेळगावला न्यायला हवा.
पुढच्या आठवड्यात जाईन म्हणतो.
मागच्याही आठवड्यात
म्हणालो होतो.