उंच स्टूल

पबमध्ये पाठीला भिंत असते, विल्फ म्हणायचा,
बारमध्ये पाठीला माणसं.
एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. बाकी सगळं बोलणं
कालव्याच्या दारांचं: कुठलं गंजलंय,
कुठलं पोरानं ढकललं तरी उघडतं.
चाळीस वर्षं दारं राखलेला माणूस.

आमच्या 'प्लाउ'मधलं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं,
मुद्दाम.
एनिड वेळेआधीच शेवटची घंटा वाजवायची
आणि मग ती सात मिनिटं आम्हाला परत द्यायची,
सुटे पैसे हातावर ठेवावेत तशी.
कोळशाचा धूर, ओल्या कुत्र्यांचा वास,
नेम चुकलेल्या डार्ट्सनी चाळण झालेली भिंत.
कोण कुणाशी बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक,
खुर्च्या त्या हिशेबानं.
विल्फनं कोट काढेपर्यंत ग्लास भरलेला असायचा.

मार्चमध्ये ब्रुअरीनं दाराला फळ्या ठोकल्या.
तीन संध्याकाळी तो त्या फळ्यांसमोर उभा राहिला.
कुत्रीला सवय आहे, म्हणाला.

चौथ्या दिवशी मी त्याला पुलापलीकडच्या बारमध्ये नेलं.
तिथे आधी बँक होती. आता तिजोरीत वाइन.
स्टूल इतकं उंच
की विल्फचे पाय लोंबकळू लागले,
शाळेच्या पहिल्या दिवशी लोंबकळतात तसे.
समोर भिंतभर आरसा.
"तिकडे एनिड दिसायची," तो पुटपुटला,
"इथे मीच."
शेजारच्या मुलीच्या पेल्यात काकडी तरंगत होती.
त्यानं ती बराच वेळ पाहिली,
काही बोलला नाही.

"काय घेणार?" काउंटरवरच्या डोमँतासनं विचारलं.
दुसऱ्या दिवशीही विचारलं.
अकरा आठवडे, रोज, जणू पहिल्यांदाच.
विल्फ रोज तेच सांगायचा, रोज थोडं मोठ्यानं.
बहिरा आहे पोरगा, मला म्हणायचा,
नाहीतर माठ.

जूनमधल्या एका गुरुवारी स्टूल रिकामं राहिलं.
सव्वासहाला डोमँतासनं गल्ला बंद केला,
एप्रन तसाच ठेवून कालव्याच्या काठानं निघाला.
विल्फचं आडनाव त्याला माहीत नव्हतं.
कुत्रीचं माहीत होतं. नेटल, नेटल, हाका मारत
तो घराघरांवरून गेला
आणि एका दाराआडून भुंकणं आलं.

जिन्याखाली पडला होता. खुबा मोडलेला.

रविवारी मी हॉस्पिटलात गेलो तर हा आधीच हजर,
मोज्यात गुंडाळून बाटली आणलेली.
"काय घेणार?" त्यानं विचारलं. मग हसून म्हणाला,
"विचारायचंच, असं शिकवलंय.
पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं."

तो गेल्यावर विल्फ खिडकीकडे तोंड करून पडून राहिला.
"तरी तो पब नव्हेच," शेवटी म्हणाला.
नर्स येऊन ताप बघून गेली.
"त्या स्टुलाचे पाय मात्र
वीतभर कापून घे म्हणावं."