खिशातली पट्टी

केमियार्वीला डिसेंबरात सकाळ होत नाही,
नुसती शाळा होते.
नऊची घंटा, बाहेर रात्र,
दारात बुटांचा ढीग
आणि आत फरशीवरून आवाज न करता फिरणारे
बावीस जोड लोकरी मोजे.
कुणाचे मोजे कुणाशेजारी, यावरून कळायचं
आज कोण कुणाचं आहे.

पिह्ला फारसं बोलायची नाही.
गरजच नव्हती तिला.
गुरुवारी वाटाण्याचं सूप असायचं;
ती ट्रे घेऊन उभी राहिली की आम्ही बाकावर सरकायचो,
इतक्या सरकायचो
की टोकाची एक पडायची.
टोकाला बहुतेकदा मीच.

तर एका सोमवारी पिह्लाच्या कोटाला रिफ्लेक्टर नव्हता.
"ते लहान पोरांचं असतं," म्हणाली.
इतकंच.
मंगळवारी इंकाचा गेला, सालमेचा गेला.
माझा घुबडाच्या आकाराचा होता, एक डोळा खरवडलेला.
मी दातांनी दोरा तोडला.
बुधवारपर्यंत अख्खी सहावी अंधारात.

तुओवी सोडून.

तिचा दुकानातला नव्हताच.
बाप रस्त्यावरचा बर्फ लोटायचा ट्रक चालवायचा,
त्याच्या जुन्या जाकिटाची चंदेरी पट्टी
कापून, सेफ्टी पिनेनं लावलेली.
"तू नाही काढणार?"
"नाही. बाबांना दिसायला हवी ना मी."
असं खरं उत्तर द्यायचं नसतं
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कट्टी घ्यायला निदान समोर यावं लागतं.
आम्ही फक्त तिचं नाव घेणं थांबवलं.
स्कीच्या तासाला जोड्या लागायच्या,
तिची जोडी सरांशी.
बालवाडीपासून तिच्या घरच्या सौनात
माझी स्वतःची खुंटी होती, खुंटीला टॉवेल.
मी जायची थांबले.
टॉवेल मागितला नाही.

घरं मात्र एकाच रस्त्यावर.
ती पुढे, मी शंभर पावलं मागे, मुद्दाम.
उणे सव्वीस. नाकातले केस कडक.
गाडी आली की पुढे एक ठिपका पेटायचा,
गेली की विझायचा.
त्या ठिपक्यामागून मी घरी पोचायचे,
रोज.
हे मी पिह्लाला सांगितलं नाही.

मग एकदा तो ट्रक.
भोंगा, ब्रेक, बर्फाची अख्खी भिंत अंगावर.
काच खाली करून तुओवीचा बाप
माझ्याकडे बघत राहिला.
ओरडला असता तर बरं झालं असतं.
त्यानं कप्प्यातून कात्री काढली,
अंगातल्या नव्या जाकिटाची बाही कापली,
पट्टी माझ्या हातात ठेवली.
त्याचाच हात थरथरत होता.
"पोरी, तू दिसलीच नाहीस."

मी ती लावली नाही.
खिशात ठेवली, किल्लीखाली,
मार्चपर्यंत.
मार्चात उजेड आला
आणि कुणी काय लावलंय, काय काढलंय
याला अर्थच उरला नाही.
एप्रिलात तुओवी आईकडे औलूला गेली.
तिच्या बाकावर आम्ही दप्तरं ठेवू लागलो.

परवा चष्म्याच्या दुकानात पिह्ला भेटली.
तीच चालवते ते.
माझ्या नाकावर फ्रेम बसवताना
तिची बोटं गार होती,
आणि मी, बेचाळीस वर्षांची बाई,
खुर्चीत एका बाजूला सरकले.

"तुओवी? आपल्या वर्गात होती?"
खरंच आठवत नव्हतं तिला.
रिफ्लेक्टरचं मात्र आठवलं. हसली.
"अगं, तो बसमध्ये हरवला होता माझा!
आई रागावेल म्हणून घरी एक सांगितलं,
शाळेत एक."

मी पैसे दिले.
नव्या चष्म्यातून दुपारचे तीन,
बाहेर रात्र, शाळा सुटलेली,
रस्त्याच्या कडेनं एकामागून एक ठिपके.
मध्येच एक मोठी फट.

सवयीनं खिशात हात गेला.
किल्ली होती.