प्रश्न क्रमांक नऊ

मॅडमनी चौदा प्रश्नांचा फॉर्म दिला.
साठ झेरॉक्स, पैसे आमचेच.
घरी कोणती भाषा, मित्रांशी कोणती,
स्वप्नात कोणती, देवापुढे कोणती.
दिलवर पावरानं देवाच्या रकान्यात लिहिलं:
डोंगरावर असतो, तिथं रेंज नाही.
अंजुम तडवीनं चारही भाषांवर खूण केली
आणि विचारलं, भांडणासाठी वेगळी ओळ नाही का?

नववा प्रश्न: आपल्या बोलीची लाज वाटते का?
अजिबात नाही. थोडी. पुष्कळ.
साठातल्या सत्तावन्न जणांनी पहिल्या चौकटीत
इतकी दाबून खूण केली
की मागच्या पानावर उमटली.
मीही. मी तर गॅदरिंगला
अहिराणीतून बातम्या वाचल्या होत्या,
लोक खुर्चीवरून पडेस्तोवर हसले, ट्रॉफी मिळाली.

बुधवारी आबा आले शिंदखेड्याच्या गाडीनं.
जात पडताळणीचा मूळ कागद
बंडीच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकमध्ये.
कँटीनपाशी आम्ही सहा-सात जण,
पुण्याचे नवे सरही चहा घेत होते.
मी लांबूनच आबांना पाहिलं
आणि मनात जे म्हणालो
त्याला फॉर्ममध्ये चौकट नव्हती.

आबा जवळ आले. सगळ्यांकडे एकदा पाहिलं.
बँकेत गेल्यावर करतात तसा घसा साफ केला:
"कसा आहेस रे बाळा? तुझं जेवण झालेलं आहे का?"

एकवीस वर्षांत मी कधी बाळा नव्हतो.
घरी मी भो, मी आंडोर, कधी नुसताच गधडा.
आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो;
त्या ळपाशी त्यांची जीभ
अनोळखी उंबऱ्यावर थांबावी तशी थांबली,
मग ओलांडून आली.
"हो, झालं," मी म्हणालो,
तितक्याच इस्त्रीच्या मराठीत.
चहा नको म्हणाले.
सरांना दोनदा नमस्कार केला.

स्टँडवर सोडायला गेलो नाही, लेक्चर होतं.
म्हणजे गेटपर्यंत गेलो.
पलीकडे रसवंतीवाल्याशी
हातवारे करत, मोकळ्या गळ्यानं आबा सांगत होते:
"मन्हा आंडोर शे तठे.
चांगली भाषा बोलस आते."

मॅडमना टक्केवारी हवी होती. पंच्याण्णव.
देण्याआधी रात्री गठ्ठा सोडून बसलो,
माझा फॉर्म शोधत.
नाव लिहायचं नव्हतं कुणी.
सगळ्या खुणा सारख्याच दाबलेल्या.